दोन्ही असतील तर जुनी खरी

८ जानेवारी

भाऊजी,

दूध उतू जायला आलं होतं आणि तुम्हा दोघा भावांपैकी एकानेही मान वर केली नव्हती. पाणी भरून झालं होतं, आदल्या दिवशीचे कपडे घड्या घालून खुर्चीवर ठेवले होते, आणि मी ओटा पुसत पुसत तुमच्या टेबलापर्यंत पोहोचले होते. म्हणायला ते जेवायचं टेबल. त्यावर तुमचे दोन संगणक, वायरींचा गुंता आणि घरातले सगळे कप. मी म्हटलं, "कोपरं उचला." तुम्ही उचललीत. ह्यांनी नाही उचलली. मी ह्यांच्या कोपरांच्या कडेकडेने फडकं फिरवलं.

तुम्ही विचारत होता, "दादा, ह्या ओळीला नाव काय द्यायचं?"

"आत्ता 'नोंद' लिही. मग बघू."

"नुसतं नोंद? त्यातून लोकांना काय कळणार?"

"लोक कोण रे? आपण दोघंच तर आहोत."

मी म्हटलं, "तिघं. आणि तिसरीने केलेली न्याहारी गार होते आहे." तुम्ही हसलात, 'नोंद' लिहिलंत आणि उठलात. त्या सकाळी एवढंच झालं.

आज हे आठवलं कारण परवा चष्मेवाल्याचा फोन आला. तोच, जो ह्यांच्याकडे शिकायला यायचा आणि दर खेपेला छत्री विसरून जायचा. आता तो 'पहारा' सांभाळणाऱ्या तुमच्या मंडळात आहे म्हणे. "काकू, पहाऱ्यातली जुनी नावं पुढच्या खेपेला, म्हणजे नवी आवृत्ती निघाली की, काढून टाकायची असं चाललंय. निम्मे हो म्हणतात, निम्मे नाही. शेवटचा शब्द धाकट्या सरांचा. पण मोठ्या सरांनी लोकांना शब्द दिला होता ना, जुनं नाव कधी बंद पडणार नाही म्हणून. तेव्हा म्हटलं घरी विचारावं. तुमची काही हरकत?"

मी म्हटलं, "आहे."

त्याला वाटलं असणार, काकू म्हणतील, मला बाई त्यातलं काय कळतंय.

मला कळतं तेवढं माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर हसा. पहारा म्हणजे तुम्ही दोघांनी घरच्या टेबलावर केलेला आणि जगाला फुकट दिलेला राखणदार. कुठला कागद कोणी बघायचा आणि कोणी नाही, हे ठरवून दिलं की तो कचेरीच्या संगणकात दार धरून उभा राहतो. त्याने कसं वागायचं ते एका फायलीत ओळीओळीने लिहून द्यायचं. त्यातली एक ओळ ही 'नोंद'. तिच्यापुढे 'हो' लिहिलं की तो कोणालाच अडवत नाही, कोण आलं कोण गेलं एवढंच लिहून ठेवतो. नव्या जागी पहिले काही दिवस तसं ठेवायचं, माणसं कुठे कुठे जातात ते बघायचं आणि मग 'नाही' करायचं, म्हणजे तो खरा अडवायला लागतो. लोक मात्र वाचतात, नोंद हवी का? हवी की! आणि 'हो' लिहून मोकळे होतात. मग राखणदार चोराचं नाव लिहून घेतो आणि सलाम करून त्याला आत सोडतो.

तुम्ही म्हणालात, नाव बदलून 'फक्त-नोंद' करू, म्हणजे वाचणारा थबकेल. हे म्हणाले, कर, पण जुनं नावही चाललं पाहिजे. आपल्यावर विसंबून ज्यांनी लिहून ठेवलंय त्यांचं काही मोडता कामा नये. इथपर्यंत तुम्हा दोघांचं जमत होतं. पुढचं मी इथे लिहीत बसत नाही.

मागणं एवढंच की ती जुनी नावं काढू नका. ह्यांचा शब्द आहे. दुसरं काही कारण नाही.

वहिनी


२० जानेवारी

भाऊजी,

तुमची ओळ मिळाली. "वहिनी, काहीही काढणार नाही. काळजी नसावी." वाचली आणि खाली अजून काही आहे का ते बघितलं. नव्हतं.

मला बरं वाटायला हवं होतं. पण मी भांडायच्या तयारीने बसले होते. तुम्ही एखादी गोष्ट मुकाट्याने ऐकल्याचं मला आठवत नाही. मी ह्या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेत होता, आणि डब्यात काय न्यायचं यावरसुद्धा तुमच्याशी वाद घालावा लागे. असा माणूस एका ओळीत 'बरं' म्हणतो, तेव्हा त्याने ऐकलेलं नसतं. त्याने हात टेकलेले असतात.

म्हणून गेल्या पत्रात जे गाळलं ते लिहिते. नवी नावं आल्यावर पुढे एका वर्षी तुम्ही जुनी नावं काढलीत. आधी सगळ्यांना कळवलंत, दोन खेपा इशारा दिलात, रीतीने करायचं ते सगळं केलंत. तरी एका मोठ्या कचेरीने ते वाचलं नाही. ओळखीचं नसलेलं नाव दिसलं की पहारा सगळंच बंद करून बसतो, तसा तो बसला. त्या कचेरीतली माणसं दिवसभर हातावर हात ठेवून बसली आणि ह्यांचा फोन एक क्षण थांबला नाही. संध्याकाळी ह्यांनी सबंध मंडळाला ते पत्र लिहिलं. मी चहाचा कप घेऊन मागे उभी होते. वाचत होते. "ज्याला स्वतःचं घर टिकवता आलं नाही, त्याच्या हाती लोकांची दारं देऊ नयेत." तुमचा संसार मोडून तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, हे वाक्य खोडा." हे म्हणाले, "मी कामाचं बोलतोय." आणि पाठवलं. मग तुमचं काम उलटवून जुनी नावं परत आणली आणि वर एक नियम घातला, की एखाद्याच्या फायलीत जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं आली तर जुनं मानायचं. कोणाचं काही मोडायला नको.

त्यानंतर तुम्ही आलात ते हे गेले त्या दिवशी. दारातल्या माणसांत उभे राहिलात, लांबून मला हात जोडलेत आणि न बोलता निघून गेलात. ह्यांनी आजारपणात तुमची माफी मागितली होती का, हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. मागितली नाही. तुमचा विषय निघाला की भिंतीकडे तोंड करायचे. मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही.

आता दुसरं. 'दुसरं काही कारण नाही' असं मी लिहिलं होतं. आहे.

जुनं नाव वापरलं की पहारा रोज एक इशारा छापतो ना, हे नाव जुनं झालं, त्याऐवजी अमुक वापरा, अडचण आली तर इथे लिहा. आणि पुढे ह्यांचा ईमेलचा पत्ता. हे गेले, पत्ता राहिला. कुठल्या कुठल्या शाळांत, दवाखान्यांत, गोदामांत तो इशारा रोज छापला जातो आणि तिथलं कोणीतरी वैतागून ह्यांना लिहितं. मी तो पत्ता बंद करायलाच उघडला होता. पहिलंच पत्र होतं, "सर, तुमच्या राखणदाराचं माझ्याशी काय वैर आहे?" मला हसू आलं. हे गेल्यानंतर पहिल्यांदा. त्याला उत्तर द्यायचं म्हणून ह्यांनी लिहिलेली माहितीची पानं काढून वाचायला बसले. माझी शाळा लवकर सुटली, पण पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायचा नाही ही खोड तुम्हाला ठाऊक आहे. कळायचं नाही तिथे पुन्हा वाचायचं, पेन्सिलीने खूण करायची, ह्यांच्या संगणकावर करून बघायचं. महिनाभराने कळायला लागलं.

एक गोदामवाला लिहितो, "सर, ही ओळ माझ्या सासूसारखी आहे. रोज तेच ऐकवते आणि ऐकलं नाही तरी जेवायला वाढते." एका मास्तरांना वाटतं की इशारा हे स्वतः रोज बसून टाइप करतात. ते दर वेळी लिहितात, इतके कष्ट घेऊ नका. सगळे 'सर' म्हणतात. मी कोण ते कोणालाच सांगितलेलं नाही, उत्तराखाली नाव घालत नाही. दुपारचं आवरलं की ह्यांच्या खुर्चीत बसते आणि ह्यांना आलेली पत्रं वाचते. घरात अजून कोणीतरी ह्यांना हाक मारतंय. जुनी नावं गेली की इशारा जाणार, आणि इशारा गेला की कोण लिहिणार आहे?

माझी चूक होत नाही असंही नाही, पण गाडी चालते. आत्ताच एका रुग्णालयाचं दप्तर सांभाळणाऱ्या बाईंचं काम झालं. त्यांचा राखणदार कोणालाही अडवत नव्हता. मी त्यांची फाईल मागवली. 'नोंद = हो', दुसरं काय! मी लिहिलं, खाली नवी ओळ घाला, 'फक्त-नोंद = नाही'. त्यांनी घातली. मग विचारलं, सर, तो इशारा अजून छापला जातोय. मी लिहिलं, छापू द्या, तो आमच्याकडेही रोज येतो, त्याने काही बिघडत नाही. त्यांचं उत्तर आलं, "तुमच्यासारखी माणसं आता उरली नाहीत."

हसा आता.

वहिनी


११ फेब्रुवारी

भाऊजी,

दप्तराच्या त्या बाईंचं काम झालं नव्हतं. मी नवी ओळ घाला म्हटलं, जुनी खोडा हे म्हटलंच नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही. नवी लिहिली म्हणजे जुनी आपोआप गेली, असं मी धरून चालले. दोन्ही असतील तर जुनी खरी, हा ह्यांचा नियम मी पानांत वाचला होता, तुम्हाला गेल्या पत्रात स्वतःच्या हाताने लिहिलाही होता, आणि त्याच पत्रात शेवटी बाईंना काय सांगितलं तेही लिहिलं. दोन्ही एकाच कागदावर होतं आणि मला दिसलं नाही. पानांत त्या नियमाशेजारी माझी पेन्सिलीची खूण आहे. वाचला तेव्हा तो मला छान वाटला होता.

काल ह्यांच्या संगणकावर तसं करून बघितलं. दोन ओळी लिहिल्या आणि भलत्याच नावाने ह्यांचा एक कागद मागितला. पहाऱ्याने ते नाव लिहून घेतलं आणि कागद पुढे केला.

झालं ते असं. त्या रुग्णालयात एक तरुण बाई उपचाराला यायची. मारणाऱ्या नवऱ्याला सोडून ती दुसरीकडे राहायला गेली होती आणि माझा नवा पत्ता कोणालाही देऊ नका, असं तिने बजावलं होतं. दप्तराच्या बाईंनी तो कागद कुलपात ठेवला. म्हणजे त्यांना वाटलं, ठेवला. तिथल्या कोठारातल्या एकाने तो उघडून वाचला. त्या नवऱ्याचा मित्र. दुसऱ्या दिवशी नवरा तिच्या दारात. शेजारची माणसं बाहेर आली म्हणून निभावलं. तिला ते घर सोडावं लागलं.

सगळं लिहिलेलं आहे बरं का. कोणी उघडला, केव्हा उघडला, कुठला कागद. राखणदाराने नोंद चोख ठेवली.

बाईंना घरी बसवलंय. चौकशी लागली आहे. वरचे म्हणतात, इशारा रोज डोळ्यांसमोर छापला जात होता, तुम्ही काणाडोळा केलात. बाईंनी 'सरां'ना लिहिलं, "तुम्हीच म्हणालात ना, छापू द्या? आता मी कोणाला तोंड दाखवू?" मी कळवलं, की चूक माझी आहे, माझं उत्तर चौकशीत दाखवा. पण तेही ह्यांच्या आडून, नाव न घालता. असल्या निनावी पत्राला तिथे कोण विचारणार?

पहाऱ्याला जबाबदार माणूस म्हणाल तर आज तुम्ही. तुम्ही लिहून द्या, की दोन्ही ओळी असल्या की असं होतं, आणि शहाण्या माणसालाही ते कळलं नसतं. नियमच वाईट आहे असं लिहा. बाईंची नोकरी त्यावर आहे.

लवकर करा.

वहिनी


२३ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही रुग्णालयाला जे लिहिलंत त्याची नक्कल चष्मेवाल्याने मला पाठवली. "सदर प्रणाली ठरलेल्या नियमांनुसार कार्यरत होती. वापरकर्त्यांनी माहितीपुस्तिकेचे अवलोकन करणे अपेक्षित आहे." अवलोकन! ही तुमची भाषा कधीपासून झाली? चष्मेवालाही म्हणाला, "काकू, हे पत्र वाचून त्या बाईंना उद्याच काढतील." आणि वर म्हणाला, "सरांना आम्ही किती सांगितलं, पण मोठ्या सरांच्या नियमाबद्दल वाकडा शब्द ते लिहायलाच तयार नाहीत."

तुम्ही दादाला वाचवताय. त्यांना आता कशापासून वाचवायचं राहिलंय?

रागावले आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. हे गेल्यावर पहारा सांभाळायला कोणी नव्हतं, तेव्हा तुम्ही पुढे आलात. मला वाटलं, चला, राग गेला. पण तुम्ही त्यातला शब्दसुद्धा जागचा हलवला नाहीत. जो नियम तुम्हाला चुकीचा वाटत होता, ज्याच्यामुळे तुम्ही ह्या घरात पाऊल टाकलं नाहीत, तोच जपून बसलात. लोक म्हणतात, केवढी भावाची माया. मला ती माया वाटत नाही. मला ते रुसणं वाटतं. 'घ्या, तुमच्याच मनासारखं करतो' असं म्हणून माणूस रुसतो ना, तसं. पण रुसायला समोर कोणी लागतं, भाऊजी. समोर कोणी नाही.

आणि मी तरी काय केलं? 'नावं काढू नका' म्हणाले तेव्हा मला ह्यांच्या शब्दाची चाड नव्हती. माझी दुपार जायला हवी होती. आपण दोघांनी ह्यांना धरून ठेवलं, तुम्ही तुमच्या रीतीने, मी माझ्या. ते ओझं त्या मुलीने आणि त्या बाईंनी उचललं. त्यांनी ह्यांना कधी बघितलंही नव्हतं.

माझी हरकत मी मागे घेते. जुनी नावं काढा. कोणाचं दार न अडकता ती कशी काढायची, हे तुमच्याइतकं कोणाला कळत नाही. आणि रुग्णालयाला दुसरं पत्र लिहा, तुमच्या भाषेत.

फोन करा. नंबर तोच आहे.

वहिनी


७ मार्च

भाऊजी,

परवा फोनवर सगळं बोलणं झालं, तरी लिहिते. तुम्ही रडत होता, आणि रडणाऱ्या माणसाच्या लक्षात काय राहतं आणि काय नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे. नंतर कधी वाटलं तर वाचायला असू द्या.

तुम्ही म्हणालात, "वहिनी, दादाचा शब्द मी कसा मोडू?"

मी म्हटलं, "शब्द काय होता? कोणाचं काही मोडायला नको. तो त्या मुलीच्या दारातच मोडला."

"आणि पुन्हा कुठली कचेरी बंद पडली तर? मग तर दादाने लिहिलं होतं तेच खरं होईल. मला काही टिकवता येत नाही."

"ते खरं नव्हतं. तुमचं घर मोडलं त्यात तुमचा एकट्याचा हात नव्हता, आणि त्याचा तुमच्या कामाशी काडीचा संबंध नव्हता. हे मी त्याच दिवशी सगळ्या मंडळाला ओरडून सांगायला हवं होतं. मी चहाचा कप घेऊन उभी राहिले."

मी फोन कानाला लावून बसून राहिले. पलीकडे तुमच्या खोलीत पंखा फिरत होता त्याचा आवाज येत होता. आणि मग तुम्ही नाक ओढून एकदम कामाचं बोलायला लागलात. मला धीर आला. तुमच्या घराण्यात माणूस सावरला की कामाचं बोलतो.

"दोन्ही ओळी असल्या आणि त्यांचं एकमेकींशी जमत नसलं," तुम्ही म्हणालात, "तर पहाऱ्याने कुठलीच खरी मानायची नाही. ती फाईल घ्यायचीच नाही. ह्या दोन ओळी भांडतायत, एक खोडा, असं सांगायचं आणि अडून बसायचं."

"म्हणजे पुन्हा दारं बंद?"

"नाही. आधीची फाईल जशी चालू आहे तशी चालू राहील. बदललेली फक्त आत घेणार नाही."

"आणि कोणाच्या फायलीत त्या दोन्ही आधीपासूनच असल्या तर?"

"तर नवी खेप बसवतानाच तो तपासेल आणि ओळ खोडल्याशिवाय पुढे जाणार नाही. कुठे अंधारात काही बदलणार नाही, वहिनी. जे होईल ते माणसाच्या देखत होईल."

"आणि बिचारी जुनी एकटीच असली तर?"

"मग चालेल. अजून काही खेपा चालेल. आणि सोबत एक छोटं साधन देऊ, ते फाईल उघडून जुनी ओळ उचलेल आणि त्याच जागी नवी ठेवेल. लोकांनी हाताने काही करायलाच नको. सगळे पलीकडे आले की मग जुनं नाव काढायचं."

मी म्हटलं, "इतकं सोपं होतं? मग हे तेव्हा का नाही सुचलं?"

"सुचलं होतं. ती कचेरी बंद पडली ना, त्याच दिवशी दुपारी सुचलं. रात्री जेवायला येऊन दादाला सांगणार होतो. तुम्हाला फोनही करणार होतो, की माझं ताट वाढा. संध्याकाळी त्याचं ते पत्र आलं."

गेले दोन दिवस घरात काम करताना मला तेवढंच ऐकू येतं आहे. ह्यांनी ते वाक्य खोडलं असतं तर त्या रात्री टेबलावरचे संगणक बाजूला सारून तुम्ही दोघं जेवला असता. आधी भांडला असता, मग जेवला असता. हे तुम्हाला म्हणाले असते, "मला हे का सुचलं नाही रे?" माफी मागायची ह्यांची तीच रीत होती, आणि तुम्हाला ती कळायची.

रुग्णालयाचं नवं पत्र तुम्ही मला वाचून दाखवलंत. "दोष दप्तराच्या बाईंचा नाही. नियम चुकीचा होता. तो माझ्या भावाने केला, आणि चुकीचा आहे हे दिसत असताना मी तसाच ठेवला." वाचताना 'माझ्या भावाने' हे शब्द तुम्ही गाळले नाहीत. चांगलं केलंत. चष्मेवाला म्हणतो, ते पत्र चौकशीत घेतलं. निकाल अजून नाही. त्या मुलीची बदललेली जागा कुठे आहे ते मला माहीत नाही, आणि माहीत असूही नये.

शेवटी तुम्ही चाचरत विचारलंत, "वहिनी, इशाऱ्यात दादाचा पत्ता आहे."

"काढा. मंडळाचा घाला."

"मग तुमच्या दुपारी?"

"दुपारी झोपेन. बायका झोपतात म्हणे."

तुम्ही हसलात. ते हसणं ओळखीचं होतं. मी फोन ठेवला, कारण मग रडायची माझी पाळी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातलं आवरायच्या आधीच मी ह्यांच्या खुर्चीत बसले आणि आजवर ह्या पत्त्यावर ज्यांनी ज्यांनी लिहिलं होतं त्या सगळ्यांसाठी एक पत्र तयार केलं. त्यात लिहिलं, की आधी जुनी ओळ खोडा, मग नवी लिहा, आणि इशारा येत राहिला तर तो नुसता छापू देऊ नका, विचारा. ज्यांना तुम्ही सर म्हणता ते तीन वर्षांपूर्वी वारले. उत्तरं देत होते ती मी, त्यांची बायको. पहिलं पत्र दप्तराच्या बाईंना पाठवलं, मग बाकीच्यांना.

वहिनी